हरीण पडलं, आता?

रात्रीचे दोन वाजले होते. बाहेर मे महिन्याचा उकाडा, डोक्यावर पंखा गरगरतोय आणि समोरच्या स्क्रीनवर हिमवादळ. खेळातले तीन दिवस उपाशीपोटी भटकल्यावर एक हरीण टप्प्यात आलं. बाण लागला. हरीण थोडं धावलं, बर्फावर रक्ताचे ठिपके टाकत गेलं आणि गोठलेल्या ओढ्याकाठी आडवं झालं. मी खुर्चीतच मूठ आवळली. जेवणाची ददात मिटली, असं वाटलं. प्रत्यक्षात त्या मेलेल्या हरणाने पुढचे चार दिवस मला असं काही नाचवलं, की त्यापुढे जिवंत हरणाचा पाठलाग सोपा म्हणायचा.

खेळाचं नाव ‘द लाँग डार्क’. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या हिंटरलँड स्टुडिओने तो बनवला. २०१४ मध्ये तो अर्धामुर्धा लोकांच्या हाती दिला आणि १ ऑगस्ट २०१७ला पूर्ण रूपात आणला. उत्तर कॅनडातलं एक काल्पनिक बेट, वीज कायमची गेलेली, माणूस एकटा. यात झॉम्बी नाहीत, राक्षस नाहीत. थंडी, भूक, तहान, थकवा आणि लांडगे एवढेच शत्रू. मेलात की डाव संपला, जुना डाव पुन्हा उघडता येत नाही. अशा खेळांना सर्व्हायव्हल गेम म्हणतात. झाडं तोडा, आसरा शोधा, पोट भरा आणि उद्याचा दिवस बघा, एवढंच त्यांचं कथानक.

तर हरीण पडलं. पहिला प्रश्न वेळेचा. मांस सोडवायला सुरी असली तरी खेळातला बराच वेळ जातो आणि तेवढा वेळ तुम्ही उघड्यावर गारठत बसलेले असता. उशीर केला तर धूड गोठतं. गोठलं की नुसत्या हातांनी काही निघत नाही, सुरी-कुऱ्हाडीसारखं हत्यारच हवं. दुसरा प्रश्न वजनाचा. एका हरणाचं आठ-दहा किलो मांस निघतं आणि पाठीवर साधारण ३० किलोच नेता येतं. त्यात अंथरूण, लाकडं, कपडे, पाणी आधीच असतं. जास्त उचललं की चाल मंदावते. तिसरा प्रश्न वासाचा, आणि इथे हा खेळ खरा खुलतो. कच्चं मांस पाठीवर घेतलं की पडद्याच्या कोपऱ्यात वासाची खूण उमटते. जितकं मांस जास्त तितका वास जास्त, आणि तितक्या लांबून लांडग्यांना तुमचा पत्ता लागतो. मग एखादा तुकडा टाकून लांडग्याला गुंतवायचं आणि आपण काढता पाय घ्यायचा. तीन दिवस ज्याच्यासाठी मेलो, त्यातलाच एक किलो लाच म्हणून द्यायचा.

एवढं करून मी मांस एका लाकडी खोपटात आणलं, कपाटात नीट रचून ठेवलं आणि शहाण्यासारखा झोपलो. उठून बघतो तर प्रत्येक तुकड्याखालचा टक्का घसरलेला. या खेळात अन्नाच्या प्रत्येक नगाला एक टक्केवारी असते. ती कमी होत जाते आणि त्याबरोबर विषबाधेची शक्यता वाढत जाते. मांस घरात आणलं म्हणजे सुरक्षित झालं, हे माझं शहरी डोकं. बाहेर बर्फात ठेवलं असतं तर ते बऱ्याच हळू खराब झालं असतं. अख्खं बेट म्हणजे फ्रीज आणि मी मांस उचलून त्या फ्रीजच्या बाहेर ठेवत होतो. त्यानंतर प्रत्येक डावात माझ्या खोपटाच्या पायरीपाशी मांसाचा ढीग असतो. दिसायला भयंकर, पण टिकतो.

या खेळांबद्दल बोलताना लोक शिकारीबद्दल बोलतात. कुठे दबा धरायचा, अस्वलाला कुठे गाठायचं. पण चांगल्या सर्व्हायव्हल खेळात शिकार हा सोपा भाग असतो. अवघड असतं ते त्यापुढचं घरकाम: कापणं, वाहणं, शिजवणं, वाळवणं, मोजून खाणं. हातात धनुष्य असलं तरी तुमचा जीव वाचतो तो कोठीघर सांभाळता आलं तर.

सगळेच खेळ हे मानत नाहीत. ‘माइनक्राफ्ट’ घ्या. घराघरांतली मुलं हा खेळ खेळतात. त्यात गायीचं कच्चं मांस पेटीत टाकून वर्षभराने उघडलं तरी ते ताजंच. म्हणजे तिथे साठवणीचा प्रश्नच नाही, फक्त शिजवण्याचा आहे. भट्टीत एक तुकडा १० सेकंदांत भाजून निघतो आणि कोळशाचा एक खडा आठ तुकड्यांना पुरतो. कच्च्या गोमांसाने भूक ३ अंकांनी भागते, भाजलेल्याने ८ अंकांनी. हा फरक अतिशयोक्त असला तरी निराधार नाही. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी २००९ च्या ‘कॅचिंग फायर’ या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला: शिजवल्यामुळे त्याच अन्नातून शरीराला जास्त ऊर्जा मिळते, कारण चावायचं आणि पचवायचं निम्मं काम आग आधीच करून देते. ‘माइनक्राफ्ट’मधली आणखी एक बारीक गोष्ट मला आवडते. कच्चं गोमांस किंवा डुकराचं मांस खाल्लं तर काही होत नाही, पण कच्ची कोंबडी खाल्ली तर १०० पैकी ३० वेळा पोट बिघडतं. कोंबडीवरच हा राग का, हे कुठल्याही स्वयंपाकघरात विचारा. कच्च्या चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू इतक्या सर्रास आढळतात, की ते मांस आतपर्यंत शिजवण्याबद्दल जगभर बजावून सांगितलं जातं.

‘व्हाल्हाइम’ या स्वीडिश खेळातही अन्न नासत नाही, पण तिथे आगीशी गाठ आहे. मांस विस्तवावर लावलं की चर्र आवाज येतो. रंग बदलला की लगेच काढायचं. मधेच दारावर कुणी शत्रू आला आणि तुम्ही धावलात, तर परत येईपर्यंत मांसाचा कोळसा. खराखुरा कोळसा, लोखंड गाळायला वापरता येतो असा. पोळी तव्यावर टाकून फोन घ्यायला गेलेल्या कुणालाही हा न्याय पटेल.

पण शिजवण्याने प्रश्न सुटतो तो आजचा. उद्याचा सोडवायचा तर मांस का नासतं, हे समजून घ्यावं लागतं.

ताज्या मांसात वजनाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. जिवाणूंना वाढायला हेच पाणी लागतं. मात्र मांसात पाणी किती आहे, यापेक्षा जिवाणूंना त्यातलं किती मिळू शकतं, हे महत्त्वाचं. शास्त्रज्ञ ते ० ते १ अशा मापात मोजतात. शुद्ध पाण्याला १, ताज्या मांसाला साधारण ०.९९. विषबाधा करणारा स्टॅफिलोकॉकस हा चिवट जिवाणू ०.८६ च्या आसपास थांबतो. ०.६० च्या खाली बुरशीसुद्धा वाढत नाही. हे माप खाली आणायच्या दोन मुख्य वाटा आहेत. पाणी काढून टाका, म्हणजे वाळवा. किंवा पाणी आहे तिथेच राहू द्या पण ते दुसऱ्या कशात तरी गुंतवून ठेवा, म्हणजे मीठ किंवा साखर घाला. आपला मोरंबा ओला दिसतो, तरी वर्षभर राहतो तो याचमुळे. त्यातलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं, जिवाणूंच्या वाट्याला येत नाही. तिसरी वाट थंडीची. ती जिवाणूंना मारत नाही, फक्त झोपवते. चौथी धुराची. धुरातले फिनॉलसारखे पदार्थ मांसाच्या पृष्ठभागावर जिवाणूंना बसू देत नाहीत आणि मंद ऊब मांस वाळवतही जाते.

यातली वाळवणाची वाट सगळ्यात नेटकी कुणी मांडली असेल तर ती ‘डोन्ट स्टार्व्ह’ने. क्ले एंटरटेनमेंट ही व्हँकुव्हरची कंपनी, खेळ २०१३ चा. कागदावर शाईने काढल्यासारखी चित्रं, वेडसर शास्त्रज्ञ नायक, आणि नावातच दम: उपाशी मरू नका. यातला एक दिवस आठ मिनिटांचा. कच्चं मांस ६ दिवस टिकतं, भाजलेलं १० दिवस. मग तुम्ही काटक्या, कोळसा आणि दोर जमवून वाळवणाची मांडणी उभारता, तिच्यावर मांस टांगता आणि दोन दिवसांनी तिथे सुकं मांस लटकत असतं. ते २० दिवस टिकतं. मूळ खेळात ते मांडणीवरून काढलंच नाही, तर नासतही नाही. म्हणजे वाळवणाची मांडणी हीच कोठी. खेळ सुरू झाल्यावर साधारण विसाव्या दिवसानंतर हिवाळा लागतो, झुडपांना फळं धरत नाहीत, आणि ज्याच्या अंगणात सुकं मांस लटकतंय तो निवांत असतो.

पण मला गंमत वाटते ती वेगळ्याच आकड्यांची. मांस कच्चं खा, भाजून खा, सुकवून खा, भूक भागते तेवढीच, २५. आरोग्याचे अंक मात्र कच्च्याला १, भाजलेल्याला ३ आणि सुक्याला थेट २०. त्याहून मजा म्हणजे या खेळात मनःस्थितीचाही एक आकडा आहे. अंधारात राहिलं, राक्षस बघितले की तो घसरतो आणि नायकाला भास व्हायला लागतात. कच्चं मांस खाल्लं की मनःस्थिती १० ने ढासळते. सुकं मांस खाल्लं की १५ ने सुधारते. याला आहारशास्त्राचा काही आधार नाही. तरी ज्या कुणी हा आकडा ठरवला, त्याने घरातली भरलेली कोठी कधीतरी पाहिली असणार. पावसाळ्याआधी मसाला, कडधान्यं, पापड-कुरडया, सुकट डब्यांत भरून झाली की घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर जे येतं, ते या खेळाने १५ अंकांत मांडलंय.

या खेळात एक खोटही आहे. कच्चं मांस तसंच टांगायचं आणि वाळलं की खायचं. खऱ्या आयुष्यात अनेक संस्कृतींनी हेच केलं आणि करतात, पण अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला वेगळा आहे. मांस वाळवण्याआधी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, मग वाळवा. कारण ओल्या मांसातले जिवाणू उष्णतेने पटकन मरतात. आधी हळूहळू वाळवलं तर तेच जिवाणू मांसाबरोबर सुकतात, चिवट होतात आणि नंतर तापवूनही जुमानत नाहीत. इंग्रजीत अशा सुक्या मांसाला ‘जर्की’ म्हणतात. तो शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या ‘चार्की’वरून आला. अँडीज पर्वतात रात्री गोठवणारी थंडी, दिवसा कोरडं कडक ऊन, त्यामुळे लामाचं मांस तिथे उत्तम सुकायचं.

हवामानाचा हा मुद्दा बहुतेक खेळ विसरतात. एक जुना फिनिश खेळ मात्र विसरत नाही. ‘अनरिअल वर्ल्ड’ १९९२ मध्ये सामी मारानेन यांनी पहिल्यांदा आणला आणि आजही त्यावर काम चालू आहे. साधी चित्रं, लोहयुगातलं फिनलंड, आणि खेळाडू म्हणजे जंगलात एकट्याने राहणारा माणूस. इथे मांस वाळवता येतं, धुरवता येतं, खारवता येतं. पण उन्हाळ्यात टांगलंत तर ते सुकण्याआधी नासतं. वाळवणासाठी थंड ऋतू गाठावा लागतो. धुरवायचं तर चूल असलेली खोली बांधावी लागते आणि रोज जाळ करावा लागतो. आणि मीठ जंगलात मिळत नाही, गावात जाऊन कातड्यांच्या बदल्यात आणावं लागतं.

मराठी वाचकाला हे उलटं वाटेल. वाळवण म्हटलं की आपल्याला वैशाखातलं ऊन आठवतं. पण सुकण्याला उष्णता लागतेच असं नाही, लागते कोरडी हवा. नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा फेब्रुवारीपासून मेपर्यंत लाकडी मांडण्यांवर टांगतात, मिठाचा कणही न लावता. तिथे तेव्हा तापमान शून्याच्या आसपास असतं. इतक्या थंडीत जिवाणू सुस्त, माश्या नाहीत, आणि वारा पाणी शोषून नेतो. आपल्याकडे वर्सोव्यासारख्या कोळीवाड्यांत बांबूंच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात, तिथे काम ऊन आणि खारा वारा करतो. दोन्हीकडे शर्यत एकच असते: जिवाणूंनी मांस गाठण्याआधी पाणी निघून गेलं पाहिजे. लोफोटेनमध्ये जिवाणूंना हळू करून ही शर्यत जिंकतात, वर्सोव्यात पाण्याला वेगाने पळवून.

मटणा-बीफच्या सुक्या पट्ट्या आपल्याकडेही होत्या, पण त्या छापील पाककृतींच्या पुस्तकांत फारशा सापडत नाहीत. त्यांना चान्या म्हणतात. गावात जनावर मेलं किंवा कापलं गेलं की मांस एकदम भरपूर मिळायचं आणि मग कित्येक दिवस काहीच नाही. महार आणि मांग वस्त्यांत ते मांस लांब पट्ट्यांत कापून दोरीवर उन्हात टांगायचे, आणि पुढे लागेल तसं विस्तवावर भाजून किंवा कालवणात घालून खायचे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या या खाण्याची नोंद आहे. खेळाडू ज्याला मोठ्या कौतुकाने ‘ड्राइंग रॅक’ म्हणतो, ती दोरी या वस्त्यांत अंगणातच होती. तिथे मेल्यावर नवा डाव सुरू करायची सोय नव्हती.

मिठाकडे येऊ. खेळांत मिठाचा सगळ्यात हुशार वापर मला ‘सबनॉटिका’त दिसला. परग्रहावरच्या समुद्रात यान कोसळतं आणि मासे खाऊन जगायचं, असा तो २०१८ मध्ये पूर्ण झालेला खेळ. मासा नुसता शिजवला तर पोट भरतं, थोडं पाणीही मिळतं, पण ठेवला तर तो नासत जातो. मीठ लावून खारवला तर कधीच नासत नाही. मात्र तो खाल्ला की तुमच्या शरीरातलं पाणी कमी होतं. आणि या खेळात पिण्याचं पाणी हीच मोठी मारामार. आधी टिकाऊ माशांचा साठा करून मी स्वतःवर खूश झालो आणि मग भर समुद्रात तहानेने घसा सुकवून घेतला. खारं सुकं खाऊन रात्री दोनदा पाण्याला उठलेल्या कोणालाही हा हिशेब शिकवावा लागत नाही. मीठ माशातलं पाणी ओढून घेतं आणि तुमच्या अंगातलंही. मांसातल्या पाण्यात मिठाचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेलं की बोट्युलिझमचा जिवाणूही वाढू शकत नाही. टिकाऊपणाची किंमत तहानेत मोजायची, हा सौदा जहाजांवरच्या खलाशांनीही केला होता. महिनोन्‌महिने खारवलेलं मांस, आणि गोडं पाणी मोजून.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘आर्क’ हा डायनोसॉरांचा खेळ. त्यात सुकं मांस बनवायला शिजवलेलं मांस, तेल आणि स्फोटक भुकटी लागते. भुकटी बनते गारगोटी आणि दगड कुटून. वाळवंटाच्या विस्तारात मांस टिकवायचं मीठ मिळतं, तर ते बनतं साधं मीठ आणि गंधक मिसळून. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. दारूगोळ्याच्या कोठारात मटण टांगायचं? मग आठवलं की बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक म्हणजे सोरा, पोटॅशियम नायट्रेट, आणि हाच सोरा युरोपात शतकानुशतकं हॅम-सॉसेज टिकवायला वापरत आलेत. मिठासोबत चिमूटभर सोरा घातला की मांस गुलाबी राहतं आणि बोट्युलिझमला आळा बसतो. बोट्युलिझम या शब्दाचं मूळच मुळी सॉसेजला असलेल्या ‘बोट्युलस’ या लॅटिन शब्दात आहे. तेव्हा ‘आर्क’वाल्यांनी कृती चुकवली, पण चुकत चुकत ते बरोबर कपाटापर्यंत पोहोचले.

‘रिमवर्ल्ड’ या अंतराळातल्या वसाहतीच्या खेळात पेमिकन आहे, ते एका परिच्छेदात उरकतो. वाळलेल्या मांसाची पूड, वितळलेली चरबी आणि कधी रानातली फळं, असा उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा हा पदार्थ. नाव क्री भाषेतलं, चरबीवरून पडलेलं. खेळात मांस आणि भाजी मिळून पेमिकन बनतं आणि फ्रीजशिवाय ७० दिवस टिकतं. तिथे तयार जेवण चार दिवसांत खराब होतं, म्हणून खेळाडूंना लांबच्या प्रवासाला हेच लागतं. ते बनवायला चरबी लागत नाही, ही मात्र चूक. चरबी वाळलेल्या मांसाला हवेपासून झाकते आणि खाणाऱ्याला ऊर्जा देते. नुसतं सुकं, रोडकं मांस खाऊन थंडीत माणूस फार दिवस काढू शकत नाही.

आता पुन्हा माझ्या खोपटाकडे. ‘द लाँग डार्क’मध्ये अस्वल मारलं तर मांसाची चंगळ होते, पण अस्वल आणि लांडगा हे मांसाहारी प्राणी, त्यांचं मांस खाल्लं तर पोटात जंत होण्याची शक्यता असते. शिजवून खाल्लं तरी. पहिल्या घासाला शक्यता नगण्य, पण खात राहिलात की ती साचत जाते. एकदा जंत झाले की दहा दिवस रोज औषध. हे ऐकायला खेळातली करामत वाटते, पण यामागे एक खरी, थंडगार गोष्ट आहे.

११ जुलै १८९७ला सॉलोमन ऑगस्ट आंद्रे आणि त्यांचे दोन स्वीडिश सोबती हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला. मग तिघे पायी, होडीने, बर्फाबरोबर वाहत महिनोन्‌महिने परतीची वाट काढत राहिले. बंदुका होत्या, पांढरी अस्वलं भरपूर होती, मांसाला तोटा नव्हता. तरी तिघेही एका निर्जन बेटावर मेले. त्यांचे अवशेष आणि रोजनिशी सापडली ती १९३० मध्ये. उपासमार नाही, मग मेले कशाने? १९५२ मध्ये एर्न्स्ट ट्रीडे या डॅनिश डॉक्टरांनी म्हटलं, अस्वलाच्या अर्धवट शिजलेल्या मांसातल्या ट्रायकिनेला या कृमीने. त्यावर आजही वाद आहे. थंडी, थकवा अशी इतर उत्तरंही दिली जातात. पण हा कृमी अस्वलांत खरोखर असतो आणि त्याची उत्तरेकडची जात गोठवल्यानेही मरत नाही. म्हणजे माझ्या पायरीवरचा बर्फातला ढीग अस्वलाचा असेल, तर बर्फावर विसंबून चालणार नाही. आतपर्यंत नीट शिजवलं तर मात्र कृमी मरतो. इथे खेळ वास्तवापेक्षा कडक आहे.

दुसरीकडे तोच खेळ भलताच ढिला. खेळाडू जसजसा शिजवत जातो तसतशी त्याची पाककला वाढते. पाचव्या पायरीला पोहोचला की त्याला शिजवलेल्या अन्नातून ना विषबाधा होते ना जंत. मांस कितीही जुनं असू दे. मग अनुभवी खेळाडू मुद्दाम कुजत आलेलं मांस शिजवून खातात आणि त्यांना काही होत नाही. हे वाचून कुणी खऱ्या स्वयंपाकघरात करून बघू नये, म्हणून सांगतो. शिजवल्याने जिवाणू मरतात, पण त्यांनी आधीच मांसात सोडलेलं विष मरतंच असं नाही. बोट्युलिझमचं विष उकळल्याने निकामी होतं, पण स्टॅफिलोकॉकसचं विष उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. मांस धोक्याचं आहे का, हे ते किती वेळ उबेत पडून होतं, यावर ठरतं. मग वर सुगरण कितीही थोर असो.

तसंच उष्मांकांचं. या खेळात शिजवलेल्या हरणाच्या किलोमागे साधारण ८०० उष्मांक मिळतात. खऱ्या भाजलेल्या हरणाच्या मांसात याच्या जवळपास दुप्पट असतात. इथे मला बनवणाऱ्यांचं पटतं. खरे आकडे ठेवले असते तर एक हरीण फार दिवस पुरलं असतं आणि मी चौथ्या दिवशी पुन्हा बर्फात गेलोच नसतो.

खेळाच्या नंतरच्या विस्तारात मीठ लावून मांस टिकवायची सोयही आली. जुने खेळाडू कुरकुरले, मी खूश झालो. एवढी वर्षं या बेटावर लोक राहत होते, मासेमारीच्या झोपड्या आहेत, जुनी गोदामं आहेत, आणि कुणाला मीठ सुचलं नाही, हे पटत नव्हतं.

इतके खेळ खेळून एक जण मात्र मला कुठल्याच वाळवणावर भेटला नाही: माशी. ज्यांनी एकदा तरी सुकट राखलीय त्यांना विचारा. वाळवणाचा खरा शत्रू पाऊसही नाही आणि जिवाणूही नाहीत, आधी माशी येते. मग मांजर, मग कावळा. म्हणून वाळवणापाशी हातात काठी किंवा फडकं घेऊन कुणीतरी बसलेलं असतं, बहुधा एखादी म्हातारी किंवा शाळेला सुट्टी असलेलं पोर. ‘डोन्ट स्टार्व्ह’मध्ये माश्या आहेत, पण त्या शेणाभोवती घोंघावतात. शेजारी दोन दिवस उघड्यावर लटकणाऱ्या मांसाकडे त्यातली एकही ढुंकून बघत नाही.